कौल आणायला गेलेले सहदेवराव

सहदेव परबांनी आयुष्यात कुठलीच गोष्ट पहिल्या नजरेत पसंत केली नव्हती. बायको बघायला गेले तेव्हासुद्धा "एकदा उजेडात बघून येतो" म्हणाले होते. आईने डोळे वटारले म्हणून लग्न झालं. विक्रोळीच्या एका कारखान्यात त्यांनी उभी हयात माल तपासण्यात काढली. आलेला माल उलटा करायचा, ठोकायचा, हुंगायचा आणि शक्यतो परत पाठवायचा, हे त्यांचं काम. ते त्यांनी इतक्या निष्ठेने केलं की निरोपाच्या समारंभात सर्वांत जोरात टाळ्या माल पुरवणाऱ्यांनी वाजवल्या. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, पण संशय काही सुटला नाही. समारंभात भेट मिळालेलं घड्याळ त्यांनी दुसऱ्याच दिवशी दुकानात नेऊन खरं आहे का ते बघून आणलं. ते खरं निघालं, तेव्हा त्यांची जरा निराशाच झाली.

अशा माणसाच्या नशिबी रिडेव्हलपमेंट यावी, ही देवाची थट्टाच म्हणायची. मुलुंड पूर्वेची त्यांची ओंकारदीप सोसायटी पाडून तिथे टॉवर होणार होता. बिल्डरचा माणूस "तीन वर्षांत चावी" म्हणाला, तेव्हा "कुणाच्या हयातीत, तेही लिहून द्या" असं भर सभेत सांगणारे सहदेवरावच. पण अखेर सगळ्यांच्या सह्या झाल्या. बिल्डर महिन्याचं भाडं देणार असं ठरलं, आणि सहदेवरावांच्या जुन्या दोस्ताने, राजाराम साळवेने, विक्रोळीत आपल्या शेजारची खोली त्यांना बघून दिली. खोली झकास होती. फक्त ती चौथ्या मजल्यावर होती आणि इमारतीला लिफ्ट नव्हती.

इथेच आईचा प्रश्न आला. शेवंतीआजींनी ऐंशी केव्हाच ओलांडलेली. गेल्या दिवाळीत त्या न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं ऑपरेशन झालं. आता वॉकर धरून घरातल्या घरात हिंडत, पण जिन्याचं नाव काढायचं नाही, आणि उठवायला-बसवायला धडधाकट माणूस हवं, असं डॉक्टरांनी बजावलेलं. घरात धडधाकट कोण? मुलगा हर्षद नोकरीसाठी परगावी. बायकोचे, सुलक्षणाबाईंचे, गुडघे आधीच कुरकुरत होते आणि सहदेवरावांच्या कमरेला पट्टा होता. तळमजल्याच्या जागाही बघून झाल्या. जी परवडत होती तिथे पावसाळ्यात पाणी भरत होतं, आणि जिथे पाणी भरत नव्हतं ती परवडत नव्हती.

"टॉवर होयसर माका खंयतरी बऱ्या जाग्यार ठेवा," असं पहिल्यांदा म्हणाल्या त्या स्वतः शेवंतीआजीच. "चार मजले माका उचलून नेशात तर माझ्या आधी तुम्हीच जाशात."

सहदेवरावांनी दोन दिवस आईचा वॉकर पुन्हा पुन्हा तपासला. मग त्यांनी शोध सुरू केला, पण घरात 'वृद्धाश्रम' हा शब्द काढायचा नाही अशी सक्त ताकीद देऊन. तेव्हापासून सगळे 'ती जागा' म्हणू लागले. त्यामुळे परबांच्या घरात एखाद्या दरोड्याचा बेत शिजतोय असं बाहेरून ऐकणाऱ्याला वाटत असे, आणि बाहेरून ऐकणारे बरेच होते.

तळमजल्याचे नंदकिशोर लगेच सल्ला घेऊन वर आले. "परबसाहेब, सांभाळून हं. आमच्या साडूच्या चुलत्यांना असंच ठेवलं होतं. सहा महिन्यांनी भेटायला गेलो तर माणूस ओळखू येईना."

"का? काय केलं त्यांनी?"

"वजन वाढलं ना!"

यात काळंबेरं काय असावं, याचा विचार करण्यात सहदेवरावांची एक दुपार गेली. दुसऱ्या मजल्यावरच्या लताताईंची माहिती अधिक ठोस होती. "तिथे वरणात झोपेचं औषध घालतात. माझ्या मावसबहिणीच्या सासूला जेवल्यावर रोज झोप यायची."

"घरी यायची नाही?" सुलक्षणाबाईंनी विचारलं.

"घरी पण यायची. पण घरी वरण आम्ही करायचो ना, गं."

अशात घाटकोपरच्या एका ऑफिसातून जान्हवी नावाची मुलगी आली. म्हाताऱ्या माणसांसाठी योग्य जागा शोधून द्यायची आणि खर्चाचा मेळ घालून द्यायचा, हे तिचं काम. तिने आजींची दुखणी, आवडीनिवडी, झोप सगळं विचारून घेतलं आणि म्हणाली, "आमची फी काही नाही, काका."

सहदेवरावांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "मग तुमचं पोट कशावर चालतं?"

"तुमची जागा ठरली की ते लोक आम्हाला कमिशन देतात."

इतकं सरळ उत्तर सहदेवरावांना उभ्या हयातीत कुणी दिलं नव्हतं, त्यामुळे त्यांचा संशय दुप्पट झाला. चोर लपवतो हे जगजाहीर आहे. पण जो आपण होऊन सांगतो, तो त्याहून मोठं काहीतरी लपवत असणार, हा त्यांचा सिद्धांत. मुलगी मात्र हुशार होती. बिल्डरच्या भाड्यातून विक्रोळीची स्वस्त खोली भागवायची, उरलेल्यात सुलक्षणाबाईंच्या ठेवीचं व्याज घालायचं, की आजींचा महिन्याचा खर्च बसतो, हे तिनेच सुचवलं. "अनामत कधी आणि किती परत मिळणार, ते लेखी घ्या. तोंडी बोलण्यावर विश्वास ठेवू नका," असंही ती म्हणाली.

"तुमच्याही?"

"माझ्याही नको, काका."

सहदेवराव त्या रात्री सुलक्षणाबाईंना म्हणाले, "मुलगी फार पोचलेली आहे."

मग जागा बघणं सुरू झालं. पहिली आरे कॉलनीच्या अंगाला होती. झाडं, मोकळी हवा, पाखरांचे आवाज. सहदेवराव फाटकातच थबकले. "एवढी शांतता कशाला लागते यांना? आतलं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणूनच ना?" जागा नापास झाली. दुसरीकडे ते शिरले तर बागेत वीसेक म्हातारी माणसं हात वर करून खदाखदा हसत होती. ते मुकाट्याने परत फिरले.

"आपण आत आलो आणि ते हसायला लागले. मी बघत होतो."

"काका, त्यांचा हास्यक्लब आहे. रोजची वेळ आहे ती."

"म्हणजे वेळ लावून हसवतात! एरवी हसू येत नाही, हे सिद्धच झालं." तीही नापास झाली.

जान्हवीने शेवटी बोरिवलीच्या 'सुखवसा'चं नाव सांगितलं. तिच्या मते आजींना सर्वांत योग्य तीच. सहदेवरावांनी मात्र तिथे जायलाच नकार दिला. पाहुणे येणार म्हटल्यावर कोण घाण दाखवेल? कारखान्यातसुद्धा मोठे साहेब येणार असले की आदल्या दिवशी झाडांच्या बुंध्यांना चुना लागायचा. सांगून केलेली तपासणी ही तपासणीच नव्हे.

इकडे घर सोडायची तारीख जवळ येत चाललेली, आणि त्यात शेवंतीआजींनी आपली अट घातली. "जागो खंयचोय बघ. पण देवीचो कौल घेतल्याबिगर मी हय-थंय हलूचंय नाय."

परबांच्या गावी कुठलाही मोठा निर्णय असा होतो. लवू गुरव देवीच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि घरच्यांचा प्रश्न देवीपुढे मांडतो. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सहदेवरावांचं लग्न, हर्षदचं बारसं, मुलुंडचा ब्लॉक, सगळं याच पाकळ्यांनी ठरवलं होतं. देवीवर सहदेवरावांची श्रद्धा होती. संशय होता तो पाकळी नीट चिकटवली जाते की नाही यावर.

त्यांच्या डोक्यात एक योजना शिजली आणि ती त्यांनी राजारामला चहाच्या टपरीवर सांगितली. "मी अचानक तपासणी करणार, राजा. घरी सांगतो, कौल आणायला गावी जातो. आणि जायचं बोरिवलीला. सुखवसात आठवडाभर राहून बघायची सोय आहे. मी म्हातारा म्हणून राहतो."

"म्हातारा 'म्हणून' म्हणजे? तू त्यात वेगळं काय करणार?"

"विसरभोळा होणार. विसरणाऱ्या माणसासमोर कुणी सावध राहत नाही."

"आणि कौलाचं?"

"तपासणीत जे निघेल तोच कौल. देवी काय अंधारात निर्णय देत असेल? तिलाही तपासलेलाच माल आवडत असणार." हे बोलताना त्यांना स्वतःलाच जरा अवघडल्यासारखं झालं, म्हणून त्यांनी आणखी एक चहा सांगितला.

"वाट लावणार तू आपली," राजाराम म्हणाला. पण तो आला. दोस्तीसाठी आला आणि पुतण्याच्या लग्नातला निळा शर्ट घालून, केसांना ताजा काळा रंग लावून आला. सहदेवराव खरोखर गावी गेले असते तर जो सदरा घातला असता तोच घालून, हातात पिशवी धरून उभे होते. सुखवसाची व्यवस्थापिका दर्शना बाहेर आली आणि गोड हसून म्हणाली, "या आजोबा." मग राजारामकडे वळून, "तुम्ही मुलगा ना?"

राजाराम सहदेवरावांपेक्षा दोन वर्षांनी मोठा होता. त्याच्या चेहऱ्यावर जे तेज पसरलं ते बघून सहदेवरावांना फाटकातूनच परतावंसं वाटलं. दोघांची ओळखपत्रं बघितल्यावर आडनावं वेगळी निघाली, तेव्हा दर्शना म्हणाली, "अच्छा, जावई!" अशा रीतीने एकही मुलगी नसलेल्या सहदेवरावांना जावई लाभला.

"काय सांगू मॅडम," राजाराम रंगात आला, "सासरेबुवा हल्ली मलासुद्धा ओळखत नाहीत. परवा म्हणाले, तू कोण रे?"

"तू कोण रे?" सहदेवराव मनापासून म्हणाले.

"बघा," राजाराम हळहळला. आठवड्याचे पैसे भरले गेले. विसरभोळ्या माणसाकडे मोबाइल कसा असेल, म्हणून तो राजारामच्या खिशात गेला, आणि तो खिसा त्याच दुपारी पुतणीच्या साखरपुड्यासाठी साताऱ्याकडच्या अशा एका वाडीत गेला, जिथे रेंज फक्त टेकडीवर मिळते.

आता सहदेवराव कामाला लागले. गाद्या दाबून बघितल्या. दूध हुंगलं. न्हाणीघरातल्या दांड्यांना लोंबकळून त्यांचा पक्केपणा तपासला. वरणाची वाटी उजेडात धरून औषधाचा साका दिसतो का ते बघितलं. जेवल्यावर डोळे उघडे ठेवून खुर्चीत बसले आणि पाच मिनिटांत घोरू लागले. लताताईंचं म्हणणं खरं ठरल्याच्या आनंदात ते दचकून जागे झाले. मग आठवलं की आपण घरीही जेवल्यावर झोपतो.

त्यांना एक खटकलं. ते दिवाणखान्यात शिरले की तिथली म्हातारी माणसं बोलायची थांबत. एका काकांनी बिस्किटांचा पुडा मांडीखाली सरकवला. सगळे कुठल्यातरी दडपणाखाली आहेत, अशी सहदेवरावांची खात्री झाली. ते खरंच होतं, फक्त दडपण त्यांचंच होतं. उत्तराबाई म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापिका तिथे राहत होत्या. त्यांनी सगळ्यांना आधीच सावध केलं होतं. "हा मालकाचा माणूस आहे. म्हातारा कधी गाद्या दाबत हिंडतो का? मोजमाप घेतोय. फी वाढवणार." असे दोन्ही पक्ष दिवसभर एकमेकांवर डोळा ठेवून बसले होते, आणि मध्ये टीव्हीवर कीर्तन चाललं होतं.

सापडलं काय, तर एक नळ गळत होता आणि वरण पातळ होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी एका आजींच्या हातून चहा सांडला. दुसरा कप आला, तोही सांडला, तिसराही. तिथल्या सेविकेने तिन्ही वेळा साडी पुसली आणि तिसऱ्या वेळीही "भाजलं नाही ना हो?" एवढंच विचारलं. तेव्हा दिवाणखान्यात पाहुणा नव्हता, दर्शना नव्हती, होता तो एकटा विसरभोळा म्हातारा. सहदेवराव खांबाआड उभं राहून ते बघत होते. त्यांना आनंद व्हायला हवा होता. उलट ते गळका नळ पुन्हा एकदा बघून आले. जागा वाईट निघाली असती तर आईला न्यायचा प्रश्नच मिटला असता.

त्यांना एकदम घरी जावंसं वाटलं. पिशवी घेऊन ते फाटकाशी गेले.

"जावईबापू आल्याशिवाय सोडता येणार नाही, बाबा," वॉचमन म्हणाला.

सहदेवराव तडक दर्शनाकडे गेले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, आता खरं सांगतो. मी म्हातारा नाही. मी तपासणीला आलोय. तो माणूस माझा जावई नव्हे."

"बरं," दर्शना मायेने म्हणाली. "आपण चहा घेऊन बोलू या का, इन्स्पेक्टरसाहेब?"

"तुमचा विश्वास नाही! माझ्या बायकोला फोन लावा."

"लावते ना. नंबर सांगा."

सहदेवरावांनी सवयीने खिसा चाचपला. बायकोचा नंबर मोबाइलमध्ये होता. मुलाचा मोबाइलमध्ये होता. जगातल्या प्रत्येक जवळच्या माणसाचा नंबर साताऱ्याकडच्या वाडीत राजारामच्या खिशात होता. कपाळ चोळचोळून त्यांना एकच नंबर आठवला, कारखान्याच्या स्टोअर्सचा, आणि तो कारखाना बंद होऊन तिथे आता मॉल होता. दर्शनाने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "नका त्रास करून घेऊ. आठवेल हळूहळू." तिने राजारामला फोन लावला, तो लागला नाही. त्या संध्याकाळी सहदेवरावांना औषधाच्या गोळ्यांबरोबर बदाम देण्यात आले.

इकडे मुलुंडला शेवंतीआजींनी कौल काय लागला म्हणून लवू गुरवाला फोन केला. लवू म्हणाला, सहदेव इलोच नाय. सुलक्षणाबाईंनी नवऱ्याच्या मोबाइलवर फोनामागून फोन लावले, एकही लागेना. बातमी नंदकिशोरांपर्यंत पोचली आणि त्यांनी ती पोचवायच्या तिथे पोचवली. सोसायटीत दोन तट पडले. एकाचं म्हणणं, आईला कुठे ठेवायचं या काळजीने परब घर सोडून गेले. दुसऱ्याचं म्हणणं लताताई कुजबुजत सांगत होत्या आणि त्यात एका बाईचा उल्लेख होता. दुसऱ्या दिवशी सकाळी राजाराम टेकडीवर चढला. मोबाइलमध्ये फोन येऊन गेल्याचे इतके निरोप एकदम कोसळले की तो घाबरून खाली बसला आणि सुलक्षणावहिनींना सगळं कबूल करून मोकळा झाला.

तासाभरात नंदकिशोरांची गाडी बोरिवलीच्या रस्त्याला लागली. गाडी त्यांनी स्वतः होऊन देऊ केली होती. शेवट चुकवायचा नव्हता. मागे सुलक्षणाबाई आणि शेजाऱ्यांनी खुर्चीसकट खाली उतरवलेल्या शेवंतीआजी होत्या.

सहदेवराव तेव्हा गळ्याला रुमाल बांधून पेज खात बसले होते. वॉचमनने दिलेली व्हीलचेअर आत आली. तीत बसलेल्या शेवंतीआजींनी मुलाच्या गळ्यातला रुमाल बघितला.

"काय रे," आजी म्हणाल्या, "देवी हय रवता काय?"

दर्शना पुढे झाली. "आजी, तुम्ही यांच्या कोण?"

"आवस."

उत्तराबाईंनी चष्मा काढला. लेकाला वृद्धाश्रमात भेटायला त्याची आई येते, हे त्या घराने अजून बघितलं नव्हतं. बिस्किटवाल्या काकांचे डोळे पाणावले आणि त्यांनी मांडीखालचा पुडा काढून आजींपुढे धरला.

"आये, सांग यांना!" सहदेवराव उठून म्हणाले. "सांग, मी बरो आसंय. मी तपासणीक इलोय."

"माका काय म्हायत नाय," आजी शांतपणे म्हणाल्या. "माझो झील देवीक गेलो म्हणान सांगून गेलो. ह्यो कोण ता मी कशी सांगू?"

सहदेवरावांनी बायकोकडे बघितलं. सुलक्षणाबाईंनी खिडकीबाहेर बघितलं. मग दर्शनाच्या पुढ्यात, सगळ्यांच्या देखत, त्यांना पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं, जावयासकट. दर्शना ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "काका, आमच्याकडे घरच्या माणसाला पाहुणा म्हणून राहता येतं. नुसतं विचारलं असतंत तरी चाललं असतं." विचारणं ही एक पद्धत असते, हे सहदेवरावांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"थांब," आजी म्हणाल्या. "हेची चूक आधी धुवूक व्हयी." त्यांनी खुर्चीतच पाठ ताठ केली, डोळे मिटले आणि गावच्या देवळात घालतात तसं खणखणीत गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! ह्या जाग्याचो जो कोण राखणदार आसात तेच्या पायाकडे माझा सांगणा. माझो झील हय खोटो जावय घेवन इलो, देवीच्या नावार खोटा बोललो, ता पदरात घी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" कोपऱ्यातून तीन-चार कोकणातले आवाज एकदम उठले. बाकीचे चमकून बघू लागले.

"ह्या बाईक आणि हिच्या माणसांक सुखी ठेव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता सगळेच सामील झाले, उत्तराबाईसुद्धा.

"आणि हेच्या डोक्यातलो संशयाचो किडो नेवन समुद्रात बुडय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात सर्वांत मोठा आवाज सुलक्षणाबाईंचा होता.

गलका ओसरल्यावर सहदेवराव आईच्या खुर्चीशी खाली बसले. "आये, चुकलंय मी. उद्याच गावी जातंय. कौल घेवन येतंय."

"कौल झालो. मी फोनावर लवूक लावूक सांगलंय." आजींचा आवाज आता खाली आला होता. "इचारलंय, मी त्या जाग्यार जावंय काय? उजवी पाकळी बदकन पडली."

"मगे?"

"मगे दुसरा इचारलंय. माझो झील माका जावक दीत काय? एकय पाकळी पडूक नाय. उजवी नाय, डावी नाय. लवू म्हणता, इतक्या वर्सांत असा कधी झाला नाय. मी म्हटलंय, ऱ्हवदे लवू, देवीक तरास दिव नको. त्या चिकटलेल्या पाकळीक मी वळाखतंय."

आरेची शांतता, वेळ लावून केलेलं हसणं, फुकट काम करणारी मुलगी, सगळं सहदेवरावांच्या डोळ्यांपुढून गेलं. इतके दिवस ते जागांमध्ये खोट शोधत होते, कारण खोट मिळाली असती तर आईला पाठवावं लागलं नसतं.

"आता सांग," आजी म्हणाल्या. "तू माल बघलंस. पास काय नापास?"

त्यांनी गळणाऱ्या नळाकडे बघितलं. पातळ वरणाची आठवण केली. मग त्यांना तिसऱ्यांदा पुसलेली साडी आठवली.

"पास," ते म्हणाले, आणि गळ्यातल्या रुमालाने डोळे पुसले.

"मगे उठ. नंदकिशोराच्या गाडयेत माझी पिशवी आसा, ती आण. तुझ्या आठवड्याचे दीस उरलेत मा? भरलेले पैसे फुकट कित्याक घालवूचे? ते दीस मी रवतंय. बरा वाटला तर म्होरा बघू." पिशवी त्यांनी सकाळीच भरली होती. सुलक्षणाबाईंनाही ते गाडीत बसेपर्यंत माहीत नव्हतं.

सहदेवरावांची खाट आजींना मिळाली. सगळं लावून झाल्यावर ते फाटकाकडे निघाले, तर वॉचमन आडवा आला. जावयाची सही नाही. दर्शनालाही नियम मोडवेना. तोंडी बोलण्यावर विसंबून एखाद्याला सोडलं आणि तो वाटेत कुठे भरकटला तर? "जवळच्या नातेवाइकाची सही लागेल," ती संकोचून म्हणाली. सुलक्षणाबाई पर्स चाचपू लागल्या, पण शेवंतीआजींनी हात पुढे केला.

"हय आण ता. खुबो मोडलो माझो, बोटां बरी आसत." त्यांनी कागद मांडीवर घेतला आणि मोठ्या अक्षरांत आपलं नाव काढलं. "सोडा तेका. माझ्या जबाबदारीर. आणि घरी पोचलो की फोन करूक सांगा, वाटेत खंयतरी तपासूक थांबता तो."

वॉचमनने फाटक उघडलं. सहदेवराव चार पावलं गेले आणि वळून बघितलं. खिडकीतून त्यांची खाट दिसत होती. शेवंतीआजी एकट्याच बसल्या होत्या आणि आपल्याला कुणी बघत नाही अशा समजुतीने दोन्ही हातांनी गादी दाबून बघत होत्या. मग त्यांनी टेबलावरचा दुधाचा पेला उचलला, नाकाशी नेला, हुंगला, आणि प्यायल्या.

सहदेवराव नंदकिशोरांच्या गाडीत जाऊन बसले आणि मुलुंड येईपर्यंत त्यांनी कुणावरही संशय घेतला नाही.